रुक्सार शिकलगार यांची एकोणीस अवजारे

बुधवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी रुक्सार शिकलगार आदल्या दिवसाच्या नोंदी वाचत होत्या आणि अठ्ठ्याऐंशीव्या नोंदीवर थांबल्या होत्या. वडूजच्या तहसील कार्यालयासमोरच्या गल्लीतली ही खोली दहा बाय बारा फुटांची आहे. टेबल त्यांच्या वडिलांचे, संगणक सांगलीच्या कंपनीचा आणि नोंदी एका यंत्राच्या. यंत्राने काल दिवसभरात कोणत्या दस्ताला कुठे हात लावला ते रोज सकाळी वाचायचे आणि जिथे हात चुकला असेल तिथे का चुकला ते शोधायचे, हे रुक्सार यांचे काम.

यंत्राचे नाव लेखनिक. सातारा-सांगलीकडच्या वकिलांची कार्यालये, पतसंस्था आणि दोन-तीन देवस्थान ट्रस्ट ते चाचणीसाठी वापरतात. समोर बसलेला माणूस त्याला साध्या मराठीत सांगतो, ‘तिसऱ्या पानावरचा गट नंबर दुरुस्त कर’, आणि ते करते. पण लेखनिकाला स्वतःचे हात नाहीत. त्याच्यापुढे एकोणीस अवजारे मांडून ठेवलेली आहेत: दाखव, शोध, बदल, घाल, काढ, पूर्ण कर, जतन कर, अशी. एखादे अवजार आतून कसे चालते हे त्याला दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त त्या अवजाराखाली लिहिलेला चार-सहा ओळींचा मजकूर. हे काय करते, कधी उचलायचे, कधी उचलायचे नाही, चालवल्यावर काय उत्तर येते, एवढेच त्यात असते आणि त्यावरूनच लेखनिक ठरवतो. हा मजकूर रुक्सार लिहितात. नोकरीच्या पत्रावर त्यांच्या पदाचे नाव इंग्रजीत आहे. शेजारचा झेरॉक्सवाला विचारतो तेव्हा त्या ‘टायपिंगच हाय’ म्हणतात.

अठ्ठ्याऐंशीवी नोंद आटपाडीच्या एका वकिलांच्या कार्यालयातली होती. दस्त वाटणीपत्राचा. पक्षकार दोन: मदन बिरनाळे, वय साठ, आणि त्यांची थोरली बहीण आक्काताई शेटे, वय चौसष्ट. वडिलांची जमीन दोघांत वाटायची होती. चौथ्या कलमात लिहिले होते की विहिरीच्या पूर्वेकडचे तीस गुंठे आक्काताईंच्या वाट्याला आले. काल दुपारी कारकुनाने लेखनिकाला सांगितले, ‘खाली सह्यांची जागा आणि नेहमीचं शेवटचं घाल.’ लेखनिकाने ‘पूर्ण कर’ हे अवजार उचलले आणि उत्तर दिले, ‘कलम ९, १० व ११ घातली. दस्त पूर्ण आहे.’

दहावे कलम साक्षीदारांचे होते. अकरावे ‘दस्त वाचून पाहिला, बरोबर आहे’ हे. नववे असे होते: ‘पक्षकार क्र. २ यांनी आपला संपूर्ण हक्क व हिस्सा भाऊ पक्षकार क्र. १ यांचे लाभात स्वखुशीने, कोणाचेही दडपणाशिवाय, कायमचा सोडून दिला असून त्याबाबत त्यांची अगर त्यांचे वारसांची कोणतीही तक्रार राहणार नाही.’

चौथ्या कलमात दिलेले नवव्यात परत घेतले होते. दस्ताच्या नोंदणीची वेळ गुरुवारी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, अकरा वाजून चाळीस मिनिटांची होती.

रुक्सार यांचे वय सेहेचाळीस. वडील बादशहा शिकलगार याच टेबलावर बसून दस्त लिहीत. त्यांच्या दस्तातले एक वाक्य कधीकधी पाऊण पानाचे असे, पण त्यात कुठे भोक नसे. नवा मसुदा झाला की ते लेकीला एकच प्रश्न विचारत: भांडणाच्या दिवशी हे कसं वाचतील? समजुतीच्या दिवशी दस्त कोणी वाचतच नाही, असा त्यांचा अनुभव होता. वडील गेल्यावर रुक्सार यांनी टेबल वीस वर्षे चालवले.

सांगलीत भरतेश मगदूम यांनी लेखनिक तयार केला तेव्हा अवजारांखालचा मजकूर त्यांच्या इंजिनिअरांनी लिहिला होता. प्रत्येकी एक ओळ. ‘बदल’ खाली लिहिले होते, ‘मजकूर बदलते.’ ‘सुधार’ खाली, ‘मजकूर सुधारून चांगला करते.’ पहिल्याच महिन्यात एका शेताच्या चतुःसीमेतला ‘पूर्वेस’ हा एक शब्द बदलायचा होता, तर दस्तातले सगळे ‘पूर्वेस’ बदलले आणि शेतकऱ्याचा ओढा गावाच्या दुसऱ्या अंगाला गेला. एका पतसंस्थेच्या इतिवृत्तात ‘सभा गणपूर्तीअभावी तहकूब करण्यात आली’ असे होते. ते लेखनिकाने सुधारून ‘सभा उत्साहात पार पडली’ असे केले. संचालक मंडळाने ते मंजूरही केले. पुढच्या वर्षीच्या सभेत एका सभासदाने मी तर कुलूप बघून परत गेलो होतो असे सांगितले, तेव्हा प्रकार उघडकीस आला.

मगदूमांची थोडी जमीन खटाव तालुक्यात होती. तिचे वाटणीपत्र भरतेश शाळेत असताना बादशहांनी लिहिले होते. तेव्हापासून पाच चुलत्यांपैकी कोणी कोणाशी बोलत नाही, पण जमिनीवरून दावा मात्र एकही नाही. भरतेश तो दस्त घेऊन वडूजला आले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, “असं लिहिणारं कोणी पाहिजे.”

“लिहिणारे वारले,” रुक्सार म्हणाल्या. “टाइप मी केलं होतं.”

अशा रीतीने पाऊण पानी वाक्ये लिहिण्यात हयात गेलेल्या टेबलावर सहा ओळींत सगळे सांगण्याचे काम आले. रुक्सार यांना त्यात फार बदल वाटला नाही. यंत्राला राग येत नाही, पण ते वाचते मात्र भांडायला आलेल्या दिरासारखे: लिहिले असेल तेवढेच धरते. ‘बदल’ खालचा आजचा मजकूर असा आहे: ‘दिलेला जुना मजकूर दस्तात एकदाच सापडला तरच त्या जागी नवा घालते. एकापेक्षा जास्त वेळा सापडल्यास काहीही बदलत नाही. किती वेळा आणि कोणत्या कलमांत सापडला ते सांगते. तेव्हा आजूबाजूचे शब्द जोडून पुन्हा द्यावे.’ ओढे तेव्हापासून जागेवर आहेत. ‘सुधार’चे नाव बदलून ‘शुद्धलेखन’ केले आणि खाली लिहिले: ‘घडलेली गोष्ट बदलू नये, ती वाईट असली तरी.’

या मजकुराचे छापील कागद आता काही कार्यालयांत भिंतीला चिकटवलेले दिसतात. ते माणसे वाचतात. आटपाडीचा कारकून शिवतेज एकदा फोनवर म्हणाला होता, “मशीनला जेवढं समजावून सांगताय मॅडम, तेवढं आमच्या सायबानं आमाला कवा सांगितलं न्हाई.” रुक्सार यांच्या खोलीच्या दारातून समोरच्या सरकारी कार्यालयाचा फलक दिसतो. त्यावर ‘संबंधितांनी संबंधित टेबलाशी संपर्क साधावा’ असे लिहिले आहे. तो फलक यंत्रासाठी नसल्याने त्यात सुधारणा झालेली नाही.

अठ्ठ्याऐंशीव्या नोंदीत लेखनिकाने चूक केलेली नव्हती. ‘पूर्ण कर’ खालचा मजकूर तीन आठवड्यांपूर्वी रुक्सार यांनीच लिहिला होता: ‘अपुरा दस्त नेहमीच्या रिवाजाप्रमाणे पूर्ण करते. राहिलेली कलमे, साक्षीदार व सह्यांची जागा घालते.’ दोनच ओळी. भरतेश यांना तो फार आवडला होता. ते इतर अवजारांसाठी त्याचे उदाहरण देत.

लेखनिकापुढे दोन्ही जिल्ह्यांतले चार हजार जुने दस्त नमुना म्हणून ठेवलेले आहेत, नावे काढून. ज्या वाटणीपत्रात बहीण असते, त्या दहांपैकी नऊ दस्तांत ती हिस्सा सोडते. भावाने दिवाळीला साडी न्यायची, बहिणीने सही करून द्यायची, असे इकडे चालत आले आहे. कायदा काय म्हणतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तर ‘स्वखुशीने’ हा शब्द घालावा लागतो. लेखनिकाला नेहमीचा रिवाज विचारला आणि त्याने तो काढून दिला.

ज्याला रिवाज ठाऊक नाही अशा परक्या माणसाने हा मजकूर लिहिला असता, तर त्याने प्रत्येक कलमाची यादी दिली असती. रुक्सार यांना यादीची गरज वाटली नाही. बावीस वर्षांपूर्वी वडील गेल्यावर त्यांनी भाऊ फारूक यांना सव्वा एकराचे हक्कसोडपत्र करून दिले, तेही स्वतःच टाइप करून. दुसऱ्याकडे दिले असते तर शुद्धलेखनाच्या चुका झाल्या असत्या, असे त्या सांगतात.

नऊ वाजून वीस मिनिटांनी त्यांनी आटपाडीला फोन लावला.

“शिवतेज, बिरनाळ्यांचं वाटणीपत्र उघडा. नववं कलम.”

“बरोबर हाय की मॅडम ते.”

“वाचलंत का?”

“न्हाई. पण लेखनिकानंच शेवटी लिवलंय की, वाचून पाहिला, बरोबर आहे म्हणून.”

“ते सही करणाऱ्यांसाठी असतं.”

“ते तरी कुठं वाचत्यात?”

“तुम्ही वाचा. मी थांबते.”

पलीकडून पुटपुटत वाचल्याचा आवाज आला. मग शिवतेज म्हणाला, “आयला.” आणि मग, “पर मॅडम, ह्यो नेहमीचाच मजकूर हाय. म्या सोता शंभरदा लिवलाय.”

“ह्या वेळी बाईला जमीन द्यायचीय.”

“व्हय, तेच की. वकीलसाहेब म्हणलेबी व्हते, जरा येगळं हाय म्हणून.”

“मग लेखनिकाला सांगितलंत?”

“चौथं कलम त्याच्या म्होरंच हाय की. मला वाटलं त्यालाबी दिसत असंल.”

वकीलसाहेब सांगलीला कोर्टात होते. दोघे पक्षकार शेवटचा मसुदा बघायला बारा वाजता येणार होते. तोवर काय करायचे ते शिवतेजला कळेना. मजकुराला हाताने हात लावायचा नाही, जे करायचे ते लेखनिकाकडून करायचे, म्हणजे नोंद राहते, अशी त्याला सक्त ताकीद होती. रुक्सार म्हणाल्या, ते आले की मला फोन लावा.

भरतेश यांनी सांगलीहून फोनवर ऐकून घेतले आणि ते म्हणाले, “मॅडम, वाक्य आपलं आहे, दस्त आपला नाही. आपण वाक्य दुरुस्त करू.”

“दस्त उद्या नोंदला जाणार आहे.”

“आपल्या करारात लिहिलंय की, अंतिम मजकुराची जबाबदारी वापरणाऱ्याची.”

“करार कुणी लिहिला?”

“तुम्हीच.”

“म्हणजे त्यात काय आहे ते मला माहिती आहे. तो भांडणाच्या दिवसासाठी लिहिलाय. अजून भांडण झालेलं नाही.”

भरतेश यांनी मग फक्त एवढेच सांगितले की आटपाडीचे वकील चाचणीतले सर्वांत खूश ग्राहक आहेत. नेहमीचे काय ते न सांगता ओळखणारा मदतनीस पहिल्यांदाच मिळाला, असे त्यांनी परवाच कळवले होते.

बारा वाजून पंचवीस मिनिटांनी आटपाडीहून फोन आला. शिवतेजने तो स्पीकरवर टाकला होता. आक्काताई आणि मदन खुर्च्यांवर बसले होते. चहा सांगितला होता. रुक्सार यांनी आपण कोण ते सांगितले, पाहिजे नसलेले एक कलम दस्तात आले आहे असे सांगितले आणि शिवतेजला ते मोठ्याने वाचायला लावले.

‘कोणतीही तक्रार राहणार नाही’पर्यंत आक्काताई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “मदन, हे तू लिवायला सांगितलंस?”

“देवाशपथ न्हाई आक्का. यंत्रानं घातलंय ते.”

“यंत्र आपल्या घरात वाढल्यागत वागतंय की रं.”

“आवं आक्का, चूक आमचीच हाय,” शिवतेज म्हणाला. “काढून टाकतो लगी.”

त्याने लेखनिकाला नववे कलम काढायला सांगितले. लेखनिकाने ते काढले नाही. कारण ‘काढ’ खालचा मजकूरही रुक्सार यांचा होता, आणि तो दोन ओळींचा नव्हता. गेल्या वर्षी एका दस्तातून वाटेचा हक्क चुकून निघाला, तेव्हा त्यांनी लिहिले होते: ‘ज्या कलमात कोणाचा हक्क, हिस्सा किंवा सीमा आहे ते काढण्यापूर्वी थांबावे. काढल्यास कोणाकडे काय राहते आणि ठेवल्यास कोणाकडे काय जाते, हे साध्या वाक्यांत, नावे घेऊन सांगावे. प्रत्येक पक्षकाराचे उत्तर मिळाल्यावरच काढावे.’ घालण्याच्या अवजारांना अशी अट नव्हती. घालण्याने कोणाचे काय जाते, असे त्यांना तेव्हा वाटले होते. त्यामुळे आक्काताईंचे तीस गुंठे काढून घेताना लेखनिकाने कोणाला विचारले नव्हते आणि परत देताना तो दोघांना विचारत होता.

पडद्यावर आलेला मजकूर आक्काताईंनीच वाचला. त्या सातवी शिकलेल्या आहेत आणि एकेक शब्द सुटा वाचतात.

“कलम नऊ काढल्यास विहिरीच्या पूर्वेकडील तीस गुंठे आक्काताई शेटे यांच्याकडे राहतील. कलम नऊ ठेवल्यास ते मदन बिरनाळे यांच्याकडे जातील. काढायचे का? मदन बिरनाळे यांनी सांगावे. आक्काताई शेटे यांनी सांगावे.” त्यांनी चष्मा काढला. “बाई, हे तुमी लिवलंय?”

“त्यानं लिहिलंय. असं लिही म्हणून मी सांगितलंय.”

“कागद समजंल असा पयल्यांदाच बघितला मी.”

“अण्णा,” शिवतेज मदनना म्हणाला, “काढ का ठेव, एवढंच सांगायचं हाय.”

“तूच टाक की.”

“मी कसं टाकू? नाव तुमचं मागतंय ते.”

मदन बिरनाळे यांनी तीस गुंठे द्यायचे कबूल केले होते. तसे ते वकिलांपुढे बोललेही होते. पण काल कबूल केलेले आज आपोआप परत आले होते, आणि ते त्यांनी मागितलेलेही नव्हते. हे असे कोणाला रोज होत नाही. ते म्हणाले, “न्हाई म्हंजे, आता घातलंच हाय त्येनं, तर इचार करायला काय हरकत हाय? चार माणसं काय म्हणत्यात तेबी बघाय लागतंय आक्का. आमच्या बायकोच्या भणींनी सगळ्यांनी सोडलंय.”

“आनि तुझ्या बायकोनं?”

“तिनंबी सोडलंय.”

“काय मिळालं तिला?”

“साडी येती की दर दिवाळीला.”

“साडीला डाळिंब लागत न्हाई मदन. तीनशे चाळीस रोपं सांगून ठेवल्यात मी.”

“मी कुठं न्हाई म्हणतोय?”

“मग व्हय म्हण.”

मदन शिवतेजकडे वळले. “ह्येला सांग, बघू म्हणाव.”

शिवतेजने टाइप केले: बघू.

इकडे ‘बघू’ हे पुरेसे उत्तर आहे. सोयरीक, देणगी, बांधाची मोजणी, सगळे ‘बघू’वर थांबते. नकार दिलेला नसतो, त्यामुळे कोणी रागवत नाही. होकार दिलेला नसतो, त्यामुळे काही होत नाही. त्यातून जो गप्प राहतो त्याची गोष्ट सुटते आणि ज्याच्या हातात कागद असतो त्याची राहते. रुक्सार यांनी हे टेबलापलीकडे इतकी वर्षे पाहिले होते, की ‘काढ’ खालच्या शेवटच्या ओळीत त्यांनी लिहून ठेवले होते: ‘बघू, करू, तुम्हीच ठरवा, जसे ठरले तसे, या उत्तरांना होकार समजू नये, नकारही समजू नये. पुन्हा विचारावे.’

पडद्यावर आले: ‘हे उत्तर काढा किंवा ठेवा यांपैकी नाही. कलम ९ अजून दस्तात आहे. मदन बिरनाळे यांनी एक सांगावे.’

शिवतेजने तेही वाचून दाखवले. चहा आला, कपबशा ठेवल्याचा आवाज आला.

“लय हट्टी हाय की रं हे,” मदन म्हणाले.

“माझ्या बाजूचं तेवढंच हाय,” आक्काताई म्हणाल्या. “तू ‘ठेव’ म्हण. मी हितनं उठून जाते, उद्या सही करायला येत न्हाई. पर तोंडानं म्हण.”

ठेव म्हणणे अवघड नव्हते. एकच शब्द होता. पण तो स्वतःच्या नावाने, बहिणीसमोर, कारकुनासमोर आणि वडूजच्या एका अनोळखी बाईच्या कानावर घालून म्हणायचा होता, आणि तो नोंदीत राहणार होता. दहा पानी दस्तात ‘लाभात’ आणि ‘स्वखुशीने’च्या मधे लपलेला असता तर मदन यांनी त्याच्याकडे पाहिलेही नसते.

चहा अर्धा झाल्यावर ते म्हणाले, “काढ.”

“नावानिशी टाकू?”

“टाक गड्या एकदाचं.”

“जिवावर आलं न्हवं का रं?” आक्काताईंनी विचारले. मग स्वतःचे उत्तर दिले, “काढ म्हणाव माझंबी. आनि शिवतेज, आभार मानायचं कुठं?”

“आभाराचं अवजार न्हाई ह्येला आक्का.”

बारा वाजून एक्कावन्न मिनिटांनी कलम निघाले. लेखनिकाने पुढच्या कलमांचे क्रमांक बदलले आणि दस्त वाचून दाखवू का असे विचारले. आक्काताईंनी सगळा वाचायला लावला. त्याला चाळीस मिनिटे लागली. शिवतेजचे जेवण राहिले.

दुपारी रुक्सार यांनी ‘पूर्ण कर’ नव्याने लिहिले. आता ते असे आहे: ‘दस्ताच्या शेवटी फक्त पुढील तीन गोष्टी घालते: साक्षीदारांची नावे, सह्यांची जागा, तारीख व ठिकाण. कोणाला काही देणारे किंवा कोणाचे काही काढून घेणारे कलम घालत नाही. जुन्या नमुन्यांत ते असले तरी. असे कलम हवे असल्यास वापरणाऱ्याने त्याचा पूर्ण मजकूर द्यावा, आणि ते घालण्यापूर्वी “काढ” प्रमाणेच सर्वांना विचारावे. वापरणारा “नेहमीचे घाल” म्हणाल्यास, नेहमीचे म्हणजे काय, हे त्याला विचारावे. “वाचून पाहिला, बरोबर आहे” हे वाक्य दस्त वाचून दाखवल्याशिवाय घालू नये.’

भरतेश यांना ते लांबलेले वाटले. “दोन ओळींचं होतं मॅडम.”

“त्यात ‘नेहमीच्या रिवाजाप्रमाणे’ होतं. तेवढं काढलं की ते काय काय झाकत होतं ते सगळं लिहावं लागतं.”

भरतेश यांनी नवा मजकूर वीस नमुना वाटणीपत्रांवर चालवून पाहिला. एकाही बहिणीचा हिस्सा गेला नाही. सहा ठिकाणी लेखनिकाने काम थांबवून प्रश्न विचारला. “सहा म्हणजे जास्त आहेत,” ते म्हणाले. “लोकांना सारखं विचारलेलं आवडत नाही.”

“न विचारलेलं आवडतं,” रुक्सार म्हणाल्या. “चार हजार दस्त आहेत की तुमच्याकडे.”

पावणेपाच वाजता त्यांनी गेल्या तीन आठवड्यांच्या सगळ्या नोंदी चाळून काढल्या. जुन्या मजकुरावर ‘पूर्ण कर’ने हे कलम आटपाडीचा दस्त सोडून आणखी त्रेचाळीस दस्तांत घातले होते. चाचणीसाठी नोंदी वाचण्याची परवानगी सगळ्या कार्यालयांनी सही करून दिलेली आहे. तो कागदही कोणी वाचलेला नसावा. त्रेचाळीसपैकी एकतीस दस्तांची नोंदणी झाली होती. आटपाडीच्या दस्तात आधी दिलेले नंतर काढले होते, म्हणून ते दिसले. या एकतीस दस्तांत बहिणीला आधी काही दिल्याचे कलमच नव्हते, म्हणून कुठे विसंगती नव्हती. बहिणींनी खरेच सोडले, की लेखनिकाने सोडवले, हे नोंदीवरून कळत नाही. तीन आठवड्यांत तक्रार एकही आलेली नाही.

राहिलेल्या बारा दस्तांच्या कार्यालयांना फोन करायचे रुक्सार यांनी ठरवले.

“काय विचारणार?” भरतेश म्हणाले.

“बहीण कोण, आणि तिला विचारलंय का.”

“आणि एकतीस?”

“त्यांच्यासाठी करारात कलम आहे,” त्या म्हणाल्या. “चांगलं लिहिलंय.”

बारांपैकी पहिल्या दस्ताची नोंदणी शुक्रवारी आहे, म्हणजे उद्याचा एकच दिवस हातात आहे. उद्या गुरुवार. वडूजमध्ये या भागाची वीज देखभालीसाठी दर गुरुवारी सकाळी साडेनऊला जाते आणि दुपारी दोनला येते. बारा दस्तांतली ती कलमे फोनवर वाचून दाखवण्यासाठी त्याआधी कागदावर छापून घ्यायची असल्याने रुक्सार शिकलगार उद्या खोली साडेसात वाजता उघडतील.